चूल वेगळी, गाणं एक

ताईच्या लग्नात माझ्याकडे एकच काम होतं. जिजूंकडची मंडळी अहमदनगरची (आता अहिल्यानगर), प्रॉटेस्टंट, सीएनआय चर्चची. वसईतल्या आमच्या कॅथलिक चर्चमध्ये कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे, हे खुणेनं सांगायला मला त्यांच्या रांगेत बसवलं होतं. एक बाजू कॅथलिक आणि दुसरी प्रॉटेस्टंट असली की बहुतेकदा नुसता लग्नविधी करतात, मिस्सा करत नाहीत. का करत नाहीत ते मला त्या दिवशी कळलं. ताईचा हट्ट होता की लग्न मिस्सामध्येच लागावं, आणि तशी रीतसर परवानगी मिळाली होती.

माझ्या शेजारी जिजूंच्या आजी बसल्या होत्या. प्रवेशगीत सुरू झालं तसं मी त्यांच्यापुढे गाण्यांचं पुस्तक उघडून धरलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं आणि अख्खं गाणं तोंडपाठ म्हटलं. आमच्या गायकमंडळानं तिसरं कडवं गाळलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, जणू ते मीच गाळलं होतं.

मग कम्युनियनची वेळ झाली. रांग लागली. माझी आई, पप्पा, काका, माझे शाळेतले मित्र, सगळे उठले. आजी बसून राहिल्या. त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्याकडचे सगळेच बसून होते. रांगेत जायला मला त्यांच्या गुडघ्यांना ओलांडून जावं लागलं. परत येतानाही.

जेवताना त्या म्हणाल्या, "आमच्या टिळकांचं गाणं म्हटलंत. बरं वाटलं."

मी म्हटलं, "आमच्या?"

कारण मला ते आमचंच वाटायचं.

"तू लक्ष्मीबाई वाचलीस का?"

"शाळेत होता ना आजी, 'स्मृतिचित्रे'मधला उतारा."

"उतारा नको. सगळं वाच."

मी सगळं वाचलं. त्याच्या पुढचं-मागचंही बरंच वाचलं. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. खरं तर आम्ही कॅथलिक लोक प्रॉटेस्टंटांचं काय वाचतो, कसं वाचतो आणि नेमकं काय वाचायचं टाळतो, त्याबद्दल.

*

बाहेरून बघणाऱ्याला महाराष्ट्रातले आम्ही सगळे एकच, 'ख्रिश्चन'. आतून बघितलं तर दोन वेगळे इतिहास आहेत. वसईत पोर्तुगीज १५३४ मध्ये आले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांना हरवेपर्यंत राहिले. आमचं कॅथलिक असणं त्या दोनशे वर्षांतलं. नगरकडचे ख्रिस्ती वेगळ्या वाटेनं आले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणं केलं. नारायण वामन टिळक या मिशनचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ते मराठीतले नावाजलेले कवी होते. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या.

शाळेत असताना 'रेव्हरंड टिळक' हे नाव वाचून मला ते आमच्या फादरांसारखेच वाटायचे. एकच कोडं होतं: फादरांना बायको कशी? मी ते बाईंना विचारलंही. वर्ग हसला आणि बाई पुढच्या धड्यावर गेल्या. आज मला तो प्रश्न मुळीच बावळट वाटत नाही. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातला एक चारशे-पाचशे वर्षांचा वाद एका पोरानं चुकून वर्गात काढला होता आणि कुणालाच त्यावर बोलायचं नव्हतं.

टिळकांची भजनं आमच्या चर्चमध्ये आली त्यालाही कारण आहे. १९६०च्या दशकापर्यंत आमची मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषांना दार उघडलं. मराठीतून उपासना करायची म्हटल्यावर मराठीतून गाणी हवीत. ती कुठे होती? नगरकडे. अभंग-ओवीच्या चालीत, टाळ-मृदंगावर ख्रिस्ताला गाणारी, दोन-तीन पिढ्यांच्या गळ्यातून घासून गुळगुळीत झालेली. आम्ही ती घेतली आणि चांगलं केलं. पण गाणं घेताना ज्यांच्या घरातून घेतलं त्यांची ओळख करून घ्यायचं राहून गेलं.

*

'स्मृतिचित्रे' १९३०च्या दशकात भागाभागानं प्रसिद्ध झालं. ते विनोदी आहे, मोकळं आहे, कुठेही उपदेश करत नाही, हे सगळ्यांनी लिहिलेलं आहे. मी ते एका वेगळ्या प्रश्नाकडे लक्ष ठेवून वाचलं: या पुस्तकात कोण कुणाबरोबर जेवतं?

असं वाचलं की पुस्तक निराळंच दिसतं. सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंचे वडील आहेत. सोवळ्याच्या वेडापायी घरात येणारी प्रत्येक वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुवून घेणारे. पुढे नवरा ख्रिस्ती होतो आणि संसार मोडतो. तो मोडण्यातही ताट, पाणी, स्पर्श यांचाच पेच आहे. लक्ष्मीबाई परत नवऱ्याकडे येतात त्यासुद्धा आपली चूल वेगळी ठेवून. आणि मग एके दिवशी त्या स्वतःशीच विचार करतात की ही माणसामाणसांतली उतरंड देवानं केली की माणसानं? उत्तर मिळतं, आणि त्या कुणाच्याही हातचं खायला लागतात. बाप्तिस्मा त्यानंतर येतो. सोवळं सुटणं आधी, धर्म बदलणं नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आम्ही कॅथलिक हे वाचतो आणि खूश होतो. कारण आम्हाला वाटतं, हे दुसऱ्यांच्या सोवळ्याबद्दल आहे. मीही हसत होतो. मिठाच्या धुण्यावर तर फारच हसलो. आणि मग मला आजींचे गुडघे आठवले, ज्यांना ओलांडून मी रांगेत गेलो होतो.

इथे घाई करायची नाही. आमची कम्युनियनची रांग म्हणजे सोवळ्याची पंगत, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. टाळ्याही मिळतील. पण ते खोटं आहे. जात जन्मानं चिकटते. तिला तुमचं मत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. कॅथलिक चर्च जे सांगतं ते मताबद्दलच आहे. त्या भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो असं आम्ही मानतो. आजींच्या परंपरेत प्रभुभोजन म्हणजे मुख्यतः स्मरण आणि आत्मिक सहभाग. ज्या गोष्टीचा अर्थच दोघांना वेगळा दिसतो ती एकत्र घेऊन 'आपलं एकच आहे' असं दाखवणं हा देखावा होईल, असं चर्चचं म्हणणं आहे. या म्हणण्यात मला तथ्य वाटतं. आजींना अपवित्र मानून कुणी बसवलं नव्हतं. त्यांचा बाप्तिस्मा आमचं चर्च खरा मानतं. जिजूंनाही पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही. दोघांचाही बाप्तिस्मा खरा, म्हणून त्यांचं लग्नही चर्चच्या हिशेबी साक्रामेंतच.

तरीही लक्ष्मीबाईंचं पुस्तक माझी पाठ सोडत नाही. कारण त्या पुस्तकानं एक सवय लावली आहे: नियम काय आहे एवढ्यावर न थांबता, तो पाळताना माणसं एकमेकांकडे कशी बघतात ते बघायचं. आमच्या नियमाला कारण आहे. पण त्या दिवशी चर्चमध्ये ते कारण जिजूंच्या माणसांना कुणी सांगितलं का? 'कॅथलिक नसलेल्यांनी कृपया जागेवरच बसावं' एवढी सूचना झाली. वादाचा मुद्दा सूचनेत बदलला की तो फक्त बोचतो. समजत नाही.

*

मग मी आमच्याकडचं वाचायला घेतलं. २१ नोव्हेंबर १९६४ या दिवशी व्हॅटिकन परिषदेनं ख्रिस्ती ऐक्यावरचा एक हुकूमनामा काढला. त्याचं लॅटिन नाव 'उनितातिस रेदिन्तेग्रात्सियो'. नावाला घाबरू नका. चार-पाच मुद्दे लक्षात ठेवले तरी पुरे. फुटीला दोन्हीकडची माणसं जबाबदार आहेत. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे ते अपुऱ्या का होईना, पण खऱ्या नात्यानं आमच्याशी जोडलेले आहेत. त्यांच्याकडे जे चांगलं आहे त्यातून आम्हालाही शिकता येतं. सगळी सत्यं सारख्याच उंचीवर नसतात, गाभ्याच्या जवळची कोणती आणि लांबची कोणती हे ओळखून बोलावं. आणि त्यांची मतं त्यांच्या बाजूनं, प्रामाणिकपणे अभ्यासावीत. हा शेवटचा मुद्दा आम्ही सगळ्यात कमी पाळला.

या हुकूमनाम्यात प्रॉटेस्टंटांसाठी जो शब्द आहे त्याचं मराठी 'विभक्त बंधू' असं होतं. मला हा शब्द मराठीत आल्यावर जास्त प्रामाणिक वाटतो. आपल्याकडे 'विभक्त' म्हटलं की शिधापत्रिका आठवते, वाटणीचा कागद आठवतो. भाऊ विभक्त होतात तेव्हा एक घर सोडतो आणि दुसरा घरात राहतो असं नसतं. दोघंही विभक्त होतात. चुली दोन होतात. राहत्या घरात जो राहिला तो पुढे सांगत बसतो की तो निघून गेला. पण कागदावर दोघांचीही नावं असतात.

आमच्याकडे मूळ घरात राहिलेल्या भावाचा हा सूर गेलेला नाही. ऑगस्ट २००० मध्ये व्हॅटिकननं 'दोमिनुस इएसुस' नावाचा दस्तऐवज काढला. ज्या समाजांत बिशपांची प्रेषितांपासूनची अखंड परंपरा आणि युखारिस्ताचं पूर्ण स्वरूप राहिलेलं नाही, ते नेमक्या अर्थानं 'चर्च' नव्हेत, असं त्यात म्हटलं. धर्मशास्त्राच्या चौकटीत वाक्य सुसंगत आहे. पण त्या चौकटीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते कसं ऐकू येतं? पाच पिढ्या ज्या दगडी इमारतीत नांदल्या, जिथे बारसं, लग्न आणि माती झाली, ते तुमचं 'चर्च' नाही, असं.

आणि तरी, त्याच्या आदल्याच वर्षी उलट दिशेनं एक मोठं काम झालं होतं. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो श्रद्धेनं की कर्मांनी, या प्रश्नावर लूथरच्या काळात युरोप फुटला. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी याच प्रश्नावर एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. या शिकवणीबाबत सोळाव्या शतकात एकमेकांवर जे शाप दिले गेले, ते घोषणापत्रात मांडलेल्या शिकवणीला लागू होत नाहीत, हे दोघांनीही मान्य केलं. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. हे काही एकमेकांना मिठ्या मारून झालं नाही. त्यामागे कित्येक वर्षं एकेका शब्दावरून केलेली भांडणं होती. 'आपण सगळे एकाच देवाची लेकरं' हे वाक्य त्या खोलीत पहिल्या दिवशी म्हणून सगळे घरी गेले असते, तर शाप तसेच राहिले असते.

*

आमच्याशी असं भांडू शकेल अशी मराठीतली व्यक्ती कोण? माझं उत्तर आहे पंडिता रमाबाई. त्यांना आम्ही फक्त समाजसुधारक म्हणून वाचतो. केशवपन, विधवा, शारदा सदन, मुक्ती मिशन. त्यांचा धर्माविषयीचा वाद आम्ही उघडतच नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉन्टेज इथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला. तिथल्या ज्या सिस्टर्सकडे त्या राहिल्या, त्या अँग्लिकन असल्या तरी वळणानं आमच्या फार जवळच्या: व्रतस्थ जीवन, चर्चच्या अधिकारावर भर, बिशपांचा शब्द मोठा. त्यातल्या सिस्टर जेराल्डिन रमाबाईंच्या गुरू. या दोघींची पत्रं जेराल्डिनबाईंनी जपून ठेवली आणि ती १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपानं आली. पत्रं इंग्रजीत आहेत. ती वाचताना आपण दोन प्रॉटेस्टंट बायांचं भांडण ऐकतोय असं मला वाटलंच नाही. सिस्टर जेराल्डिन कितीतरी वेळा माझ्या आईसारख्या बोलतात.

एक भांडण क्रूसावरच्या अक्षरांचं आहे. सिस्टर्सच्या क्रूसावर लॅटिन शब्द होते. रमाबाईंचं म्हणणं असं की मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही. मग क्रूसावर संस्कृत का नको? लॅटिनमध्ये अशी काय पवित्रता आहे जी संस्कृतात नाही? १८८०च्या दशकातला हा प्रश्न आहे. आमच्या चर्चला लॅटिनचा आग्रह सोडायला त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षं लागली. माझी पणजी आयुष्यभर लॅटिन मिस्सा ऐकत गेली. त्यातलं तिला काय कळलं असेल? एका प्रॉटेस्टंट बाईनं तिच्या वतीनं प्रश्न विचारून ठेवला होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता. 'त्यांच्याकडूनही शिकता येतं' या वाक्याला माझ्यासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

दुसरं भांडण जास्त खोल आहे. जेराल्डिनबाई म्हणतात, चर्चच्या अधिकाऱ्यांचं ऐक, नम्र हो. रमाबाईंचं उत्तर असं की मी महत्प्रयासानं आमच्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे. आता तसंच दुसरं जोखड मी घालून घेणार नाही. देवाचं वचन आहे, माझी सदसद्विवेकबुद्धी आहे. मध्ये माणूस नको.

इथे कॅथलिक वाचकाला दोन पळवाटा असतात. पहिली, 'किती बाणेदार!' म्हणून टाळ्या वाजवायच्या. दुसरी, 'बिचारीला चर्च कळलंच नाही' म्हणून पान उलटायचं. दोन्हींत उत्तर द्यावं लागत नाही. मी उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

रमाबाई, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्यच करावं लागतं. आमच्याकडे आज्ञापालनाच्या नावाखाली प्रश्न विचारणाऱ्याला, त्यातही बाईला, गप्प बसवलं गेलं आहे. 'फादर म्हणतात' या दोन शब्दांवर माझ्या घरात कितीतरी चर्चा मिटल्या. पण मध्ये माणूस नको, हे मात्र मला शक्य वाटत नाही. तुम्ही ज्या बायबलवर बोट ठेवता त्यात प्रॉटेस्टंटांच्या हिशेबानं ६६ पुस्तकं आहेत, आमच्या हिशेबानं ७३. कोणती धरायची हे कुणीतरी बसून ठरवलं. ते एकट्यादुकट्या माणसानं नाही ठरवलं. माणसांच्या समुदायांनी, शतकानुशतकं वाद घालत ठरवलं. वचन आपल्यापर्यंत येतं तेच माणसांच्या हातांतून. तुमचंच बघा. हिब्रू आणि ग्रीक शिकून तुम्ही अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२२ मध्ये तुम्ही गेलात, बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ते खिळे जुळवून छापलं कुणी? मुक्तीतल्या बायकांनी. ज्यांना समाजानं टाकलं होतं त्यांच्या हातांतून ते पुस्तक बाहेर पडलं. मला चर्च म्हणजे हेच म्हणायचं आहे: पुरोहितांची उतरंड नव्हे, हा हातांचा सिलसिला.

हे लिहिताना मला कळतंय की रमाबाई यावर गप्प बसल्या नसत्या. त्या म्हणाल्या असत्या, मग मुक्तीच्या बायकांसारखं चर्च कर की! माझ्याकडे त्याला आज तरी उत्तर नाही. पण माझं आणि त्यांचं बोलणं सुरू झालं, एवढं मात्र खरं.

*

उलट बाजूनं असं वाचन कुणी केलं आहे का? आहे, आणि ते मला अनपेक्षित जागी सापडलं.

मराठीतलं पहिलं मोठं ख्रिस्ती काव्य म्हणजे 'क्रिस्तपुराण'. ते रचणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्मानं इंग्रज. इंग्लंडात राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणं धोक्याचं झालं होतं. स्टीफन्स देश सोडून रोमला गेले, जेझुइट झाले आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरले. म्हणजे प्रॉटेस्टंट-कॅथलिक भांडण पेटलं नसतं तर हा माणूस कदाचित आपल्याकडे आलाच नसता आणि ओवीच्या वळणानं ख्रिस्ताची कथा लिहून गेला नसता. १६१६ मध्ये राशोल इथे हे पुराण रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेनं गोव्यात लोकभाषांवरच बंदीचा हुकूम काढला. आमच्याच माणसांनी आमच्या पुराणाच्या भाषेचा गळा दाबला.

या पुराणाची देवनागरीतली हस्तलिखितं लंडनमध्ये, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात पडून होती. ती ओळखून १९२०च्या दशकात त्यांच्यावर लिहिलं जस्टिन अॅबट यांनी. हे अॅबट कोण? अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. टिळकांच्याच मिशनचे. महिपती, तुकाराम, एकनाथ इंग्रजीत नेणारे तेच अॅबट. एका जेझुइटाचं पुराण, ज्यात पोपचं चर्च आणि मरियेची भक्ती आहे, ते या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यानं ओळीओळीनं तपासलं, छापील पाठाशी ताडून पाहिलं. जे त्याच्या श्रद्धेत बसत नव्हतं तेही वाचलं. त्यासाठी त्याला कॅथलिक व्हावं लागलं नाही, आणि 'आपण सगळे एकच' असं म्हणावंही लागलं नाही.

याच्या शेजारी मी आमची टिळकभक्ती ठेवतो. मी आजवर वाचलेल्या आणि ऐकलेल्या आमच्याकडच्या गौरवपर लेखनात-भाषणांत टिळक म्हणजे गोड अभंग, मराठी मातीतला ख्रिस्त, भारतीय चेहरा. सगळं खरं. पण १९१७ मध्ये याच टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसणार होते. हे कॅथलिक माणसाला मुळातून हलवणारं आहे. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य? मग आमच्या साक्रामेंतांचं काय? माझं मत विचाराल तर टिळक इथे चुकले असं मला वाटतं. ख्रिस्तावर नुसतं प्रेम असणं आणि त्याच्या लोकांत पाण्यानं, सगळ्यांसमक्ष सामील होणं यांत फरक आहे, आणि या देशात त्या सामील होण्याची किंमत स्वतः टिळकांनीच संसार मोडून मोजली होती. पण 'टिळक चुकले' असं म्हणायलासुद्धा आधी त्यांना गंभीरपणे घ्यावं लागतं. आम्ही त्यांना गातो, म्हणजे त्यांच्याशी बोलण्याची गरजच उरत नाही. आमच्या आदराची ही गोम आहे. तिसरं कडवं गाळायची सवय गायकमंडळापुरती नाही.

*

पुस्तक संपल्यावर मी आजींना फोन केला. म्हटलं, सगळं वाचलं.

"मग?"

मी सांगितलं की मीठ धुण्यावर हसलो आणि मग हसू थांबलं. त्या दिवशी रांगेत जाताना कसं वाटलं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला राग नव्हता रे. पण कुणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं." काय विचारलं असतं तर, ते मी विचारलं. "तुम्ही प्रभुभोजन कशाला मानता, ते. ऐंशी वर्षं घेतेय मी. माझंही काही म्हणणं असेल की नाही?"

मग त्यांनी ते म्हणणं सांगितलं, चांगला अर्धा तास. मी मध्ये मध्ये आमची बाजू मांडली. काही त्यांना पटलं नाही, काही मला. कॅथलिक नियमानुसार त्यांना आमच्याकडे कम्युनियन मिळू शकतं ते फार थोड्या प्रसंगी, उदाहरणार्थ मरणाच्या दारात, त्यांचा पाळक पोचण्यासारखा नसेल, त्यांनी स्वतः मागितलं आणि आमच्यासारखीच श्रद्धा दाखवली तर. हे ऐकून त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे मरायच्या वेळी परीक्षा द्यायची!" मी हसलो नाही. मग हसलो.

ताईला लग्नाआधी एक वचन द्यावं लागलं होतं: मुलं कॅथलिक व्हावीत म्हणून ती तिच्या परीनं सगळं करील. जिजूंना या वचनाची कल्पना रीतसर दिली होती. आता ताईला दिवस गेले आहेत. बाळ कुठल्या चर्चमध्ये न्यायचं यावर दोन्ही घरांत फोनाफोनी चालू आहे आणि फोनवर सगळे फार गोड बोलतात. मला त्या गोड बोलण्याची भीती वाटते. वचन काय आहे, ते आम्ही का मागतो, ते ऐकून त्यांना काय वाटतं, आणि त्यांची सून म्हणून ताई दर रविवारी कुठे बसणार, हे एकदा सगळ्यांनी एका खोलीत, आवाज चढला तरी चालेल, पण पूर्ण बोललं पाहिजे. उताऱ्यानं भागणार नाही.

फोन ठेवताना आजी म्हणाल्या, "पुढच्या वेळी येशील तेव्हा तुमचं ते पुराण घेऊन ये. त्या इंग्रज फादराचं. आम्ही आपलं नावच ऐकलंय."

मी म्हटलं, आजी, मोठं आहे. निवडक ओव्या आणतो.

"निवडक नको," त्या म्हणाल्या.